बोर्डावर हजार दिवस लिहिलेत, त्यात आमचे दोघं धरलेलेच नाहीत

प्रति,
राज्याचे कामगार मंत्री, आणि कारखान्यांच्या सुरक्षेची तपासणी ज्यांच्या हाताखाली चालते ते सगळे अधिकारी साहेब,

सप्रेम नमस्कार.

साहेब, 4 मार्चला आमच्या कंपनीच्या गेटवर फ्लेक्स लागला. हिरवा, चांगला मोठा, "1000 अपघातमुक्त दिवस" आणि खाली सगळ्या कामगारांचं अभिनंदन. त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा दिवस असतो, 1966 मध्ये नॅशनल सेफ्टी काउन्सिल स्थापन झालं ती तारीख. सकाळी साडेआठला आम्हाला सगळ्यांना गेटसमोर उभं केलं, शपथ झाली, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसं झाली, मग केक आला. मी रांगेत उभा राहून तो फ्लेक्स वाचत होतो आणि डोक्यात एकच हिशोब चालला होता, की या हजारातून मागे मोजत गेलं तर तो सोमवार कितवा येतो. 431 वा येतो. मला पक्कं आठवतंय कारण त्या सोमवारी सकाळी आत जाताना गेटवरच्या बोर्डावर 431 होतं आणि मंगळवारी सकाळी 432.

त्या सोमवारी आमच्या ईटीपीच्या, म्हणजे कंपनीचं सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, टाकीत दोन माणसं मेली साहेब.

शपथेला मी हात पुढे केला नाही. कोणी काही बोललं नाही, सुपरवायझरने बघून न बघितल्यासारखं केलं. पण घरी आल्यावर झोप लागेना आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. तुम्हाला लिहितोय पण सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय. मी मेंटेनन्स फिटर आहे, पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत एकोणीस वर्षं काढलीत, त्यातली पहिली सात कॉन्ट्रॅक्टवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या दोघांचीही नावं लिहीत नाही, दोन्ही घरांच्या केसेस चालू आहेत आणि माझ्या एका वाक्याने त्यात काही बिघडायला नको. माझं सांगणं एका कंपनीपुरतं नाहीच, आजूबाजूच्या कोणत्याही गेटवर जा, असा एक बोर्ड दिसेल आणि त्या बोर्डावर कोण धरलंय आणि कोण नाही हे विचारलं तर आत कोणी नीट सांगणार नाही.

आधी काय झालं ते सांगतो.

श्रावणी सोमवार होता. कलेक्शन टाकीतला सबमर्सिबल पंप चोक झाला होता, दोन-तीन महिन्यांतून एकदा होतोच, तळाला गाळ बसतो. कॉन्ट्रॅक्टरने दोघांना पाठवलं. एक नांदेडकडचा पोरगा, पंचविशीचा, लग्न ठरत आलं होतं. दुसरा बिहारच्या सिवान जिल्ह्यातला, दोन लहान मुलं गावाकडे. टाकी साधारण बारा फूट खोल, वर दोन बाय दोनचं लोखंडी झाकण. झाकण उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास यायचा, आणि तो वास आमच्या इतक्या अंगवळणी पडला होता की वास येतोय म्हणजे ईटीपी चालू आहे एवढंच आम्ही समजायचो. तो हायड्रोजन सल्फाइड आहे, हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाला साचून राहतो, आणि 100 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या, आसपास गेला की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो, म्हणजे माणसाला वाटतं गॅस गेला आणि तेव्हाच तो सगळ्यात जास्त असतो, हे मला एकोणीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ते दोघं गेल्यावर मी मोबाईलवर वाचलं.

नांदेडचा आधी उतरला. शिडीवरून चार-पाच पायऱ्या गेला असेल आणि हात सुटला. वरून हाक मारली, ओ नाही. मग सिवानवाला त्याला काढायला उतरला आणि तोही तिथेच बसल्यासारखा झाला. मी कॉम्प्रेसर रूममध्ये होतो, ओरडा ऐकून धावलो तर तिसरा एक हेल्पर शिडीवर पाय टाकत होता. मी मागून त्याची कॉलर धरली, शर्टाची दोन बटणं तुटून टाकीत पडली, तो रडत होता, मला शिव्या देत होता, सोड म्हणत होता, ते मरतायत म्हणत होता. मी सोडलं नाही. तो हेल्पर आज जिवंत आहे आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि साहेब, तिथे दोरी होती. निळी नायलॉनची, नवी कोरी. ती पंपाला बांधलेली होती, वर ओढून घेता यावा म्हणून. पंप महाग असतो. माणसाच्या कमरेला काहीच नव्हतं.

मी नंतर कायदा काढून वाचला. फॅक्टरी ॲक्ट 1948, कलम 36, तेव्हा तोच लागू होता. त्यात स्पष्ट लिहिलंय की टाकी, खड्डा, चेंबर, जिथे विषारी वायू असू शकतो तिथे जाणकार माणसाने तपासून लेखी सर्टिफिकेट दिल्याशिवाय कोणाला उतरवायचं नाही, किंवा मग त्याला श्वासाचं उपकरण द्यायचं आणि कमरेला पट्टा लावून त्याची दोरी बाहेरच्या माणसाने धरून ठेवायची. बाहेरच्या माणसाने धरायची, असं शब्दात लिहिलंय. 1948 सालात ज्यांनी ते लिहिलं त्यांना माहीत होतं की माणूस आत पडला तर दुसरा धावत आत जाणार, म्हणून ओढून काढायची सोय आधीच करून ठेवायची. अमेरिकेच्या निऑश या सरकारी संस्थेने 1986 मध्येच सांगून ठेवलंय की अशा बंद जागांत मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं वाचवायला उतरलेली असतात. सिवानवाला त्यातला एक. तो कामासाठी उतरलाच नव्हता, मित्राला काढायला उतरला.

फायर ब्रिगेड यायला चाळीस मिनिटं लागली. त्यांनी बीए सेट, म्हणजे श्वासाचं उपकरण, लावून दोघांना वर घेतलं. नांदेडच्या पोराचा उपास होता, त्याने सकाळी कॅन्टीनवाल्याला सांगून ठेवलं होतं की माझी खिचडी बाजूला काढून ठेव, आधी पंप काढतो मग खातो. दुपारी तीनला मी कॅन्टीनमध्ये पाणी प्यायला गेलो तेव्हा ती प्लेट दुसऱ्या प्लेटने झाकून तशीच काउंटरवर होती.

आता जे लिहितोय ते लिहायला मला वर्षभर लागलं. त्या संध्याकाळी पाचच्या सुमारास माझ्यासमोर वर्क परमिट ठेवलं. कन्फाइन्ड स्पेस एन्ट्रीचं, म्हणजे बंद जागेत उतरायच्या परवानगीचं, सकाळी कोरं होतं ते. त्यात ऑक्सिजनचं रीडिंग भरलेलं, गॅसचं रीडिंग भरलेलं, वेळ सकाळी 9.30 ची, आणि स्टँडबाय पर्सनच्या, म्हणजे बाहेर उभं राहून लक्ष ठेवणाऱ्याच्या, रकान्यात माझं नाव. आमच्याकडे गॅसचा मीटरच नव्हता. मला सांगितलं सही कर, नाहीतर सगळ्यांवर येईल, तुझ्यावर पण. घराचा हप्ता, मुलीची बारावी, सगळं एका क्षणात डोळ्यासमोर आलं आणि मी सही केली. चौथ्या दिवशी जाऊन लेखी जबाब दिला की ही सही नंतरची आहे, रीडिंग खोटी आहेत, मी तेव्हा टाकीपाशी नव्हतोच. जबाब घेतला गेला, मला पोच मिळाली. त्यानंतर आजपर्यंत त्या जबाबाचं काय झालं, चौकशीत काय निघालं, अहवाल झाला का, झाला असेल तर कुठे आहे, हे मला कळलेलं नाही. त्या दोघांच्या घरच्यांनाही नाही. नोकरी टिकली, एवढंच.

आता माझं पहिलं दुखणं. फ्लेक्स लागला तेव्हा मी विचारलं की हजार कसे झाले. उत्तर मिळालं की ते दोघं कॉन्ट्रॅक्टरचे होते, आपल्या रोलवर नव्हते, आपल्या रेकॉर्डमध्ये कॉन्ट्रॅक्टरचा ॲक्सिडेंट धरत नाहीत. सांगणारा माणूस वाईट नाही, त्याला वरून जो फॉरमॅट येतो तो भरतो. पण साहेब, फॅक्टरी ॲक्टमध्ये वर्कर कोण हे लिहिताना साफ म्हटलं होतं की थेट नेमलेला असो की कॉन्ट्रॅक्टरमार्फत, मूळ मालकाला माहीत असो नसो, तो वर्करच. 1923 चा भरपाईचा कायदा पण तेच सांगायचा, कलम 12, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस असला तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता यायची. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात तो माणूस धरलाय आणि आमच्या गेटवरच्या बोर्डात धरलेला नाही. आमच्या इथली सगळ्यात धोक्याची कामं कोण करतं बघा जरा. टाकी साफ करायची, पत्र्यावर चढायचं, बॉयलरची चिमणी, केमिकलचे ड्रम धुवायचे, सगळं कॉन्ट्रॅक्टरची पोरं. धोका त्यांच्याकडे दिला आणि मोजायच्या वेळी त्यांनाच बाहेर काढलं तर बोर्डावर हजार काय पाच हजार पण होतील.

दुसरं. माणूस गेला की त्याची चौकशी बसते, समिती होते, पेपरात येतं की दोषींवर कारवाई करणार, आणि मग सगळं थंड. डोंबिवलीत 26 मे 2016 ला केमिकल कंपनीत स्फोट झाला, 12 जण गेले, दोनशेच्या वर जखमी, आसपासच्या बिल्डिंगच्या काचा फुटल्या. चौकशी झाली, पण त्या समितीचा अहवाल लोकांच्या हातात यायला माहितीच्या अधिकारात अर्ज करावे लागले, वर्षं गेली. आणि त्याच डोंबिवली एमआयडीसीत 23 मे 2024 ला पुन्हा स्फोट. दहाच्या वर माणसं गेली, काहींची ओळख डीएनएने पटवावी लागली. तारखा बघा, मे मधलेच दिवस, आठ वर्षांचं अंतर. मी केमिकलमधला तज्ज्ञ नाही, पहिला अहवाल वेळेवर सगळ्यांना मिळाला असता तर दुसरा स्फोट टळला असता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण शेजारच्या कंपनीतल्या ऑपरेटरला तरी वाचता आलं असतं की बाबा इथे हे चुकलं होतं, माझ्याकडे पण तसंच आहे का. आमच्या टाकीचा अहवाल आमच्याच शेजारच्या प्लॉटवरच्या लोकांना माहीत नाही, त्यांच्याकडे तशीच टाकी आहे, तसंच झाकण आहे. परवा मी कंपाउंडवरून बघितलं, एक पोरगा झाकण उघडून आत वाकला होता. मी इकडून ओरडलो, तो हसला आणि हात केला.

तिसरं, बायांचं. 7 जून 2021, पिरंगुटजवळ उरवडे, केमिकल कंपनीत आग. 17 जण गेले, त्यात 15 बाया, आसपासच्या गावांतल्या, पॅकिंगला जाणाऱ्या. माझी सख्खी मावशी मुळशीतच असते, ती सांगते त्या दिवशी गावात घरोघरी फोन चालू होते की आपली कोणती शिफ्टला गेलीय. आत अडकलेल्यांना काढायला जेसीबीने भिंती फोडाव्या लागल्या, आणि मिळालेल्या देहांवरून कोण कोणाची आई हे कळेना. पुण्याजवळच तळवड्याला 8 डिसेंबर 2023 ला वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या ठिकाणी आग लागली, सहा जण तिथेच गेले, बहुतेक बायाच, नंतर हॉस्पिटलात आकडा वाढत गेला. 4 मार्चला आमच्या केकवर तशीच एक मेणबत्ती लावली होती, झर्रकन ठिणग्या उडणारी. सगळे टाळ्या वाजवत होते. मी त्या मेणबत्तीकडे बघत होतो आणि मला ती विझेपर्यंत काही सुचलं नाही.

उरुळी देवाचीला 9 मे 2019 ला साड्यांच्या दुकानाला आग लागली, पाच पोरं आत झोपली होती आणि बाहेरून कुलूप होतं, पाचही गेले. वाळूजला 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे हातमोज्यांच्या कंपनीत आगीत आतच झोपणारे सहा जण. महाडला नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीतल्या आगीत अकरा. शहापूरजवळ समृद्धीच्या पुलावर 1 ऑगस्ट 2023 ला क्रेन आणि गर्डर कोसळून वीस. विरारला 9 एप्रिल 2024 ला एका कॉम्प्लेक्सच्या सांडपाण्याच्या प्लांटमध्ये चौघं, आमच्यासारखंच, एकामागे एक. हे सगळं पेपरात आलेलं आहे म्हणून मला माहीत आहे. एकेकटा जो जातो, प्रेसमध्ये, पत्र्यावरून पडून, शॉक लागून, त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि कधी येतही नाही. केंद्र सरकारच्याच आकड्यांवरून 2017 ते 2020 मध्ये देशातल्या नोंदणी झालेल्या कारखान्यांत रोज सरासरी तीन कामगार मरत होते, आणि ही फक्त नोंदणीवाल्या कारखान्यांची मोजणी आहे. तळवड्यासारख्या शेडमधलं कोण मोजतं? आता फॅक्टरी ॲक्टच्या जागी केंद्राचा नवा सेफ्टीचा कायदा, ज्याला कोड म्हणतात, नोव्हेंबर 2025 पासून लागू झालाय, त्यात पॉवरवर चालणाऱ्या जागेला फॅक्टरी म्हणायला 10 च्या जागी 20 माणसं लागतात. पंधरा बायांची शेड केंद्राच्या जुन्या व्याख्येत फॅक्टरी होती ती नव्या व्याख्येत नाही. या बदलाने कोणाची सोय झाली हे मला समजत नाही, पण त्या पंधरा जणींची झाली नाही एवढं मला कळतं.

चौथं पैशाचं, आणि हे लिहायला अवघड वाटतं कारण माणसाच्या बदल्यात पैसे मोजल्यासारखं होतं, पण मागे राहणाऱ्याला मोजावेच लागतात. गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस मेला तर सुप्रीम कोर्टाने 20 ऑक्टोबर 2023 ला 30 लाख भरपाई सांगितलीय. चांगलं केलं. गोवंडीला 2019 मध्ये सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तिघं गेले होते, त्यांच्या बायकांना तेव्हाच्या नियमाचे 10 लाख मिळायला सुद्धा हायकोर्टात जावं लागलं होतं, 2021 मध्ये ऑर्डर झाली. पण कारखान्याच्या आवारातल्या टाकीत तोच वायू, तीच शिडी, तेच मरण, तर त्याचा हिशोब वेगळा. ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, असेल तर घरच्यांना पेन्शन. नसेल तर, नोव्हेंबर 2025 पर्यंत तरी, 1923 चा कायदा, त्यात पगार कितीही असला तरी महिना 15,000 च्या वर धरत नव्हते, त्याचे निम्मे 7,500, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, पंचवीस वर्षांच्या पोराला 216.91. म्हणजे सव्वासोळा लाख. तेही केस लढून. आमच्या इथे नांदेडच्या पोराचा ईएसआयसी नंबर निघाला तो त्याच सोमवारी संध्याकाळी, तो गेल्यावर. दीड वर्ष तो त्या गेटमधून आत येत होता, गेटपासवर त्याचा फोटो होता, आणि जिवंत असताना त्याचा नंबर काढायला कोणाला वेळ झाला नव्हता. त्याचे वडील आले होते, दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसले होते, त्यांनी मला एवढंच विचारलं, "भाऊ, टाकी किती खोल होती?" मी सांगितलं बारा फूट. ते म्हणाले आमची विहीर साठ फूट आहे, लहानपणापासून तो त्यात उतरायचा, दोरी धरून.

मालक लोकांबद्दल पण दोन शब्द लिहितो, सगळे सारखे नाहीत हे मला मान्य आहे. आमच्याच पट्ट्यात एक छोटी कंपनी आहे, चाळीसेक माणसं, तिथल्या मालकाने आमच्याकडचं ऐकल्यावर पुढच्याच महिन्यात गॅस मीटर घेतला, माणसाला वर ओढायचा ट्रायपॉड आणि विंच घेतला, आणि टाकीच्या झाकणाला कुलूप घालून चावी स्वतःच्या टेबलावर ठेवली. मीटर ऑक्सिजन दाखवतो, पेट घेणारा वायू दाखवतो, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड दाखवतो, मुठीएवढा असतो, कमरेला अडकतो. सगळं मिळून लाख-दोन लाखाच्या आत झालं म्हणाले. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. करता येतं साहेब. आणि बहुतेक वेळा पंप काढायला आत उतरायची गरजच नसते, गाईड रेल आणि साखळी बसवली की पंप वरूनच ओढून घेता येतो. आमच्या टाकीत ती रेल आता बसवलीय. एका दिवसाचं काम होतं, मीच वेल्डिंग केलं.

मागण्या लिहितो, साध्या आहेत.

1. गेटवर "अपघातमुक्त दिवस" असा बोर्ड लावायचा असेल तर गेटच्या आत जो पाय ठेवतो तो प्रत्येक माणूस त्यात धरा. कॉन्ट्रॅक्टरचा, लोडिंगचा, ड्रायव्हर, सफाईवाली, ॲप्रेंटिस, सगळे. तसा आदेश काढा. आणि सेफ्टीची बक्षिसं, सर्टिफिकेटं देताना कॉन्ट्रॅक्टरच्या मृत्यूंची नोंद तपासल्याशिवाय देऊ नका. आमचा बोर्ड त्या सोमवारपासून पुन्हा मोजायला लावा.

2. प्रत्येक मृत्यूच्या चौकशीचा अहवाल 90 दिवसांत मराठीत आणि हिंदीत ऑनलाइन टाका. वारसांना एक प्रत घरी द्या. ज्यांनी जबाब दिलेत त्यांना कळवा की त्यांच्या जबाबाचं काय झालं. अहवालात काय चुकलं आणि काय करायला पाहिजे होतं हे कामगाराला समजेल अशा भाषेत एका पानावर लिहा आणि तशीच टाकी, तशीच मशीन असलेल्या सगळ्या कंपन्यांना ते पान नोटीस बोर्डावर लावायला सांगा.

3. टाकीत, चेंबरमध्ये उतरण्याचं परमिट कागदावर बंद करा. मोबाईलवर फोटोसकट भरायला लावा, मीटरच्या रीडिंगचा फोटो, कमरेच्या पट्ट्याचा फोटो, दोरी धरलेल्या माणसाचा फोटो, वेळ आपोआप पडेल असं. मेल्यानंतर परमिट भरता येणार नाही असं काहीतरी करा साहेब, कसं करायचं ते तुमच्याकडच्या हुशार लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

4. गेटपास निघायच्या आधी ईएसआयसी नंबर. नंबर नाही तर पास नाही.

5. तपासणीच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती रिकाम्या आहेत ते जिल्हावार जाहीर करा, आणि भरा. नव्या कोडमध्ये तुम्हाला इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर म्हटलंय. मालकाला मदत करा, आमचं काही म्हणणं नाही, पण आधी इन्स्पेक्टर राहा, न सांगता या, रात्रपाळीला या, आणि केबिनमध्ये चहा घ्यायच्या आधी ईटीपीकडे चक्कर मारा.

6. जो खरं बोलतो त्याची नोकरी जाणार नाही याची लेखी हमी आणि त्यासाठी एक नंबर, जिथे मराठी हिंदी बोलणारा माणूस फोन उचलेल. नव्या कोडमध्ये मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड आहे, आणि दंडाची निम्मी तरी रक्कम वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. पण साक्षच मिळाली नाही तर हे कलम कुठे लावणार? मी सही केली तेव्हा मला भीती वाटली होती. माझ्यासारखे बरेच असतील, त्यांना चौथा दिवस उजाडायच्या आधी कोणीतरी भेटायला पाहिजे.

7. 28 एप्रिल. कामावर मेलेल्या कामगारांच्या आठवणीचा दिवस म्हणून जगभरातल्या युनियन तो पाळतात, कॅनडातल्या युनियननी 1984 मध्ये सुरुवात केली, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, आयएलओ, पण 2003 पासून त्याच तारखेला कामाच्या सुरक्षेचा दिवस पाळते. आपल्याकडे 4 मार्चचा आठवडा होतो, तो चालू द्या, पण 28 एप्रिलला प्रत्येक एमआयडीसीत, प्रत्येक शिफ्टला दोन मिनिटं मशीन थांबवून उभं राहायचं असं परिपत्रक काढा. आणि एमआयडीसीच्या चौकात एक दगड बसवा, घरच्यांची परवानगी घेऊन त्यावर नावं लिहा, गावाचं नाव, वय आणि कसा गेला ते. सिवानवाल्याचं पण. त्याची मुलं कधीतरी मोठी होऊन इकडे कामाला येतील आणि त्यांना बाप कुठे गेला हे बघायला एक जागा तरी असेल.

या पत्राची एक प्रत मी पोस्टाने पण पाठवलीय, पोचपावती जपून ठेवणार आहे. उत्तर मराठीत द्या, म्हणजे कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वाचून दाखवता येईल.

तुम्ही परिपत्रक काढा न काढा, या 28 एप्रिलला आम्ही पहिल्या शिफ्टचे काही जण सकाळी पावणेसातला गेटवर उभे राहणार आहोत, कामाच्या आधी, म्हणजे कोणाचं प्रॉडक्शन थांबणार नाही. बावीस जण हो म्हणालेत, त्यात कॉन्ट्रॅक्टची पोरं चौदा. तो हेल्पर पण आहे, ज्याची कॉलर मी धरली होती. त्याने मला स्वतःहून येऊन एवढंच विचारलं, किती वाजता यायचं. पुण्यातल्या कोणत्याही अधिकारी साहेबांना यायचं असेल तर या, गेटच्या डाव्या हाताला तो बोर्ड आहे, त्याच्याच खाली आम्ही उभे असू.

आपला,
एक मेंटेनन्स फिटर, पहिली शिफ्ट